जुन्या पॅलिओत टी-जेट: कुडाळच्या एका वर्कशॉपमधील इंजिनबदलाचे परीक्षण

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या वर्कशॉपने माझ्या फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्समधील मूळ इंजिन काढून त्या जागी फियाटच्याच पुढच्या पिढीचे १.४ लिटरचे टी-जेट टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर जादा हवा भरून घेणारे) इंजिन बसवून दिले. त्यानंतर ही गाडी मालवण-कुडाळ परिसरात एक पूर्ण पावसाळा आणि पाठोपाठचा उन्हाळा रोजच्या वापरात राहिली आहे. इतका काळ थांबून मगच हे परीक्षण लिहीत आहे, कारण इंजिनबदलाचे काम गाडी ताब्यात घेताना जोखता येत नाही. त्या दिवशी सगळेच छान वाटते. वर्कशॉप चालवणाऱ्या मिस्त्रींच्या इच्छेवरून त्यांचे नाव देत नाही. ते आणि त्यांचा पुतण्या असे दोघेच तिथे राबतात, एवढे मोठे काम एका वेळी एकच घेतात, आणि दारात गिऱ्हाइकांची रांग लागली तर हातातल्या गाडीवर अन्याय होतो असे त्यांचे म्हणणे आहे.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. टी-जेट हे इंजिन चांगले आहे याबद्दल दुमत नाही, परंतु मी या कामाला जे गुण देतो ते इंजिनाला दिलेले नाहीत. ते इंजिन थंड ठेवण्यासाठी केलेल्या व्यवस्थेला, वायरिंगला, फाउंडेशनला (इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या आधाराला) आणि ब्रेकला दिलेले आहेत. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत आणि इथल्या घाटांत इंजिनबदल फसतो तो याच ठिकाणी.

पॅलिओ २००१ मध्ये भारतात आली तेव्हा ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे, म्हणजे जिथून आधी प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत असत त्याच आवारात. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करत असे आणि त्याच्या नावाला जोडून एस-१० ही खास आवृत्तीही निघाली होती. तिच्या १.६ लिटर, म्हणजे १५९६ सीसीच्या १६ व्हॉल्व्ह इंजिनाची ताकद सुमारे १०० अश्वशक्ती होती आणि तेवढी ताकद त्या काळी आपल्याकडच्या छोट्या गाडीत सहसा मिळत नसे. काटेकोर अर्थाने ती स्पोर्ट्स कार नव्हे हे मान्य करूनही माझ्या पिढीतील अनेकांना वेगाने आणि विश्वासाने वळण घेणारी गाडी म्हणजे काय हे पहिल्यांदा तिनेच शिकवले. जाड पत्र्याची वजनदार बॉडी आणि रस्त्याची नेमकी जाणीव हाताला देणारे स्टिअरिंग हे तिचे गुण आजच्या गाड्यांत शोधून सापडत नाहीत. उणीव होती ती इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांवर. १.६ ला खरा जोर यायला इंजिन बरेच वर न्यावे लागे. घाटात पुढे लाकडाने भरलेला ट्रक आला की दुसरा गिअर टाकून इंजिन ओरडवत न्यायचे, आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येताना पाहायचा. माझे इंजिन शेवटी तेल जाळू लागले आणि त्याचे सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा बदलाचा विचार पक्का झाला.

एका बॉडीत दुसऱ्या पिढीचे इंजिन ही कल्पना आपल्याकडे कारखान्यांनीच रुजवलेली आहे. प्रीमियरने १९८५ च्या सुमारास आणलेली ११८ एनई म्हणजे फियाट १२४ ची बॉडी आणि तिच्यात निसानचे १.२ लिटरचे इंजिन. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा ही व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या बॉडीवर बेतलेली. आरंभी तिच्यात जुन्या घडणीचे १.५ लिटरचे अशक्त इंजिन होते, आणि पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावर तीच गाडी लोकांच्या मनात भरली. कारखान्याकडे रेखाचित्रे, चाचण्या आणि अभियंत्यांचा ताफा असतो. वर्कशॉपला ती कसर अनुभवाने आणि सबुरीने भरून काढावी लागते. म्हणून कोणते इंजिन निवडायचे यावरच निम्मे यश ठरते.

टी-जेटची निवड त्या दृष्टीने सयुक्तिक होती. फियाटच्या ‘फायर’ या १९८५ पासून चालत आलेल्या इंजिन-घराण्यातील हे टर्बो भावंड आहे आणि भारतात विकली गेलेली १.२ लिटरची पॅलिओ याच घराण्यातील साध्या इंजिनावर चालत होती. त्यामुळे पॅलिओच्या बॉडीला हे घराणे अनोळखी नाही. १३६८ सीसीचे हे इंजिन आपल्याकडे २०१० मध्ये फियाटच्याच लिनिया या गाडीत आले, ११४ अश्वशक्ती आणि २०७ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) घेऊन. २०१५ च्या अबार्थ पुंटोत त्याच इंजिनाची ताकद १४५ अश्वशक्तीपर्यंत नेलेली होती, म्हणजे लिनियाच्या अवस्थेत त्याच्यावर फार ताण नसतो. कागदावर १०० वरून ११४ ही वाढ किरकोळ दिसते. फरक आहे तो टॉर्क कुठे मिळतो यात. लिनियातला पूर्ण टॉर्क मिनिटाला २२०० फेऱ्यांनाच हाती येतो, आणि घाट चढताना इंजिन बहुतेक वेळ नेमके तिथेच फिरत असते.

इंजिन सुटे घ्यायचे नाही, अपघातात मोडलेली पूर्ण लिनियाच घ्यायची, ही मिस्त्रींची पहिली अट होती. त्या वेळी ती मला खर्चिक वाटली. आता मी ती प्रत्येकाला सांगेन. पूर्ण गाडीबरोबर ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), वायरिंगचा हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा), बॉडी कॉम्प्युटर, किल्ल्या, ॲक्सिलरेटरचे पेडल, इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग), पेट्रोल पंप आणि गिअरबॉक्स असा सगळा संच एकमेकांशी जुळलेला मिळतो. या गाड्यांत किल्ली, बॉडी कॉम्प्युटर आणि ईसीएम एकमेकांना ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही, आणि टी-जेटचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे त्याचे पेडलही त्याच्यासोबतच यावे लागते. यातली एक वस्तू भंगारवाल्याकडे राहिली तर पुढे तिच्यासाठी दारोदार फिरावे लागते.

पहिली पाहिलेली लिनिया आम्ही नाकारली. ती स्वस्त होती, बाहेरून चकचकीत होती आणि विकणारा ती चालू करून दाखवायलाही तयार होता. मिस्त्रींनी इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडला, तळाच्या कोपऱ्यात बोट फिरवले आणि ते माझ्यासमोर धरले. बोटावर पिठासारखा बारीक, राखाडी गाळ होता. नंतर त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला, तर त्याच्या आतल्या टोकाला तोच रंग चढलेला. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये असंख्य गाड्या वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेल्या, आणि पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. ती गाडी चिपळूणचीच होती असे मी म्हणत नाही, पण ती बुडालेली होती यात शंका नव्हती. अशा इंजिनाच्या बेअरिंगचा आणि ईसीएमचा भरवसा कोणी द्यावा? शेवटी आम्ही घेतलेली गाडी कोल्हापूरकडची, मागून धडक बसलेली. तिचा पुढचा भाग शाबूत होता. केवळ या तपासणीसाठी सुद्धा मी या वर्कशॉपची शिफारस केली असती.

पहिल्या भेटीत मी अश्वशक्तीविषयी विचारू लागलो, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “इंजिन कोणव बसवीत, पण ता थंड कसा रवतला ता आदी सांगा.” पुढच्या सगळ्या कामाची दिशा या वाक्यात होती. पॅलिओचे नाक अरुंद आहे. त्यात रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि आता इंटरकूलर अशा तीन वस्तूंना वारा मिळाला पाहिजे. अनेक ठिकाणी इंटरकूलर सरळ रेडिएटरच्या पुढ्यात टांगतात. दिसायला ते रुबाबदार असते, परंतु रेडिएटरला मग इंटरकूलरमधून तापून आलेली हवा मिळते आणि सपाट महामार्गावर चालून जाणारी गाडी घाटातल्या रांगेत उकळते. इथे इंटरकूलर खाली, बंपरच्या खालच्या जाळीमागे आडवा बसवला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे आडोसे देऊन वारा आतच वळेल अशी सोय केली आहे. पुढे बारीक जाळी लावली आहे, कारण जांभ्याचा तांबडा धुरळा पाण्यात मिसळून ॲल्युमिनियमच्या पात्यांत बसला की तो निघत नाही आणि खाऱ्या हवेत ती पाती त्याच्याखाली सडू लागतात. रेडिएटरला दुसरा पंखा दिला आहे. एअर फिल्टरचा डबा मात्र मुद्दाम वर ठेवला आहे. पावसाळ्यात मोरीवरून पाणी वाहत असताना इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढले तर कनेक्टिंग रॉड वाकायला एक क्षण पुरतो.

टर्बोची उष्णता हा वेगळा विषय आहे. एक्झॉस्टच्या धगीत फिरणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगला वंगण आणि गारवा देण्याचे काम इंजिन ऑइल करते. घाट चढून वर आल्याबरोबर इंजिन बंद केले, की तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून गगनबावड्याला चहासाठी थांबताना मी आधी मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवतो, आणि तेल पूर्ण सिंथेटिकच वापरतो. मिस्त्रींनी टर्बोवर पत्र्याचे उष्णतारोधक कवच बसवले, ब्रेकच्या नळ्या तिथून दूर वळवून घेतल्या आणि जवळून जाणाऱ्या वायरींना काचधाग्याच्या नळ्या चढवल्या. हे काम बॉनेट उघडून वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही. गाडी जळण्यापासून वाचवते ती हीच दक्षता.

वायरिंगचे काम मी शेजारी उभा राहून पाहिले आहे आणि ते या वर्कशॉपचे सर्वोत्तम काम आहे. लिनियाचा हार्नेस त्यांनी कापला नाही. लांब टेबलावर पसरून त्यातला अनावश्यक भाग एकेक वायर ओळखून सोडवला. पॅलिओच्या जुन्या वायरिंगशी जिथे जोड द्यावा लागला तिथे तो डाग देऊन, वर गरम करून आवळणारी नळी चढवून पक्का केला. प्रत्येक जोडाशेजारी पांढरी बाही आहे आणि तिच्यावर पुतण्याच्या नीटस अक्षरात मराठीत लिहिलेले आहे: ‘पंखा २’, ‘पंप’, ‘टर्बो वाल्व’. सगळ्या जोडांची नोंद असलेली वहीची पाने त्यांनी गाडीबरोबर मला दिली, म्हणजे उद्या दुसऱ्या गावी गाडी अडली तर तिथल्या मिस्त्रीला अंदाजाने वायरी ओढाव्या लागणार नाहीत. अर्थिंगसाठी त्यांनी जुना गंजका बोल्ट वापरला नाही. रंग खरवडून, नवा खुंट बसवून, वायर आवळून झाल्यावर वर ग्रीसचा थर दिला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको. आमच्याकडे तांब्याच्या टोकाला हिरवा थर धरायला एक पावसाळा पुरतो, आणि ईसीएमची अर्थिंग कमकुवत झाली की स्कॅनरवर एकामागून एक असे दोष दिसू लागतात ज्यांचा प्रत्यक्ष इंजिनाशी काही संबंध नसतो. माझ्या गाडीत पावसाळा उलटल्यावर तपासले, तेव्हा सर्व टोके स्वच्छ होती.

फाउंडेशनसाठी जाड प्लेट कापून नवे ब्रॅकेट केले आहे. जुनी भोके लांबट करून इंजिन कसेबसे बसवण्याचा आडमार्ग घेतलेला नाही. गिअरबॉक्स लिनियाचा आणि चाकाकडचे हब पॅलिओचे असल्यामुळे एक्सल दोन्हींचे भाग जोडून कोल्हापूरच्या उद्यमनगरातून करवून आणावे लागले. इंजिन संथ चालू असताना स्टिअरिंगला किंचित थरथर जाणवते, मूळ गाडीपेक्षा थोडी जास्त. मला ती खटकत नाही, पण ज्यांना खटकेल त्यांनी फाउंडेशनचे रबर मऊ घ्यावे असे आधीच सांगून ठेवावे.

ब्रेकच्या बाबतीत मिस्त्रींनी माझे ऐकले नाही हे बरे झाले. खर्च वाढतो आहे म्हणून मी ब्रेक पुढच्या वर्षी करू असे सुचवले होते. पुढच्या डिस्क आणि कॅलिपर लिनियाचे बसवल्याशिवाय गाडी बाहेर काढणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या मोठ्या डिस्कवर जुनी १४ इंची चाके बसेनात, म्हणून चाकेही बदलावी लागली. करूळ घाट उतरताना, पावसाने ओल्या रस्त्यावर, पेडलखाली जो ठाम प्रतिसाद मिळतो त्यापुढे त्या खर्चाची तक्रार करण्याचे धाडस मला होत नाही.

चालवताना काय फरक पडला ते आता सांगतो. सावंतवाडीहून आंबोली चढताना पूर्वी ज्या वळणांवर दुसरा गिअर अटळ होता त्यांतली बरीच आता तिसऱ्यावर निघतात, आणि वळणाच्या बाहेर पडताना पेडल थोडे दाबले की गाडी मागून कोणीतरी हात लावल्यासारखी पुढे सरकते. २००० फेऱ्यांच्या खाली इंजिन थोडे आळसावलेले असते. टर्बो भरेपर्यंतचा तो क्षण सवयीने ओळखता येतो. मुंबई-गोवा महामार्गावर गाडी शांत आहे, कारण लिनियाचे गिअर लांब पल्ल्याचे आहेत. पेट्रोलचा खप महामार्गावर पूर्वीपेक्षा बरा आहे; घाटात आणि बाजारात मोठा फरक नाही. स्टिअरिंगची जाणीव जशीच्या तशी राहिली, आणि माझ्या लेखी हेच या कामाचे सर्वांत मोठे यश आहे. नाकावर वजन वाढले असते तर पॅलिओचे पॅलिओपण गेले असते. एसी लावून, भर मे महिन्यात, घाटातल्या ट्रकांच्या रांगेत तासभर सरपटत गेल्यावरही तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. रीमॅप करून, म्हणजे ईसीएममधील आज्ञा बदलून, ताकद आणखी वाढवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो घेतलेला नाही आणि घेणार नाही. गिअरबॉक्स, क्लच आणि गारव्याची व्यवस्था या सगळ्यांचा हिशोब लिनियाच्या मूळ ताकदीवर बसवलेला आहे.

उणिवाही आहेत. गाडी पावसाळ्याआधी देतो असे ठरले होते, ती गणपती उलटून गेल्यावर मिळाली. उशिराचे कारण कोल्हापूरचे एक्सल आणि एक वेळ पाठवलेला चुकीचा भाग हे होते हे मला मान्य आहे, तरी मधल्या काळात वर्कशॉपकडून स्वतःहून कधी फोन आला नाही. विचारायला प्रत्येक वेळी मलाच जावे लागले. पॅलिओच्या जुन्या मीटरला लिनियाच्या ईसीएमची भाषा कळत नाही, म्हणून फेऱ्यांचा काटा एका मधल्या डब्यामार्फत चालतो आणि तो थोडा मागे राहतो. तापमानासाठी स्वतंत्र सेन्सर दिल्यामुळे तो काटा मात्र विश्वासार्ह आहे. इग्निशनला लिनियाची किल्ली आणि दारांना पॅलिओची अशा दोन किल्ल्या बाळगाव्या लागतात. पहिल्याच महिन्यात कूलंटच्या एका होजची क्लिप सैल पडून गोडसर वास येऊ लागला होता. ती त्यांनी पैसे न घेता बदलली आणि बाकीच्या क्लिपही त्याच वेळी नव्या टाकल्या.

सर्वांत मोठी उणीव कागदपत्रांची आहे. वर्कशॉप त्यात हात घालत नाही आणि ते पहिल्या भेटीत पुरेसे ठळकपणे सांगतही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व अधिक ठामपणे मांडले. इंजिन बदलायचे तर नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि मंजुरीविना बदल झाला असेल तर तो १४ दिवसांच्या आत कळवावा लागतो. इंजिन त्याच कंपनीचे आणि त्याच इंधनाचे आहे एवढ्यावर विसंबून राहू नये. घनक्षमताही बदलते आहे हे अर्जात लिहिले पाहिजे. त्यामुळे आधी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज, मग लिनियाची खरेदी पावती आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, आणि मंजुरी हातात आल्यावरच इंजिनाला पाना लावायचा, हाच क्रम मी पाळला. परवानगी मिळत नसेल तर काम करू नये असे मी निःसंकोच म्हणेन. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा, कारण न कळवलेल्या इंजिनाच्या गाडीचा दावा नाकारायला त्यांना दुसरे कारण शोधावे लागत नाही. पॅलिओसारख्या गाड्यांची १५ वर्षांची पहिली नोंदणी केव्हाच संपलेली असल्याने फेरनोंदणी आणि हरित कर हेही आधी उरकून घेतलेले बरे.

खर्च पॅलिओच्या आजच्या बाजारभावाच्या कितीतरी पट झाला, आणि विकताना त्यातला फारसा परत येणार नाही. ज्यांना केवळ वेगवान गाडी हवी आहे त्यांनी तेवढ्या पैशांत चांगल्या अवस्थेतील लिनिया टी-जेट किंवा अबार्थ पुंटो शोधावी. हे काम त्यांच्यासाठी आहे ज्यांना पॅलिओच चालवायची आहे आणि पुढची दहा वर्षे चालवायची आहे. अशांनी कुडाळच्या या मिस्त्रींकडे जरूर जावे. औद्योगिक वसाहतीत फियाटचे काम कोण करतो एवढे विचारले की पत्ता मिळतो. जाताना हातात परिवहन कार्यालयाची मंजुरी असावी, मनात दोन-तीन महिने जादा धरलेले असावेत, आणि पूर्ण लिनियाचे पैसे बाजूला ठेवलेले असावेत. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्लच प्लेट इंजिन बाहेर असतानाच नवे टाकून घ्यावे. माझ्या गाडीत मिस्त्रींनी ते न सांगता केले आणि जुने भाग एका पिशवीत घालून बिलासोबत दाखवले.